आम्ही तर सगळ्यांना सारखंच वागवतो, मग भेदभाव कुठे?

दवाखाना, वृद्धाश्रम, घरी येणारी केअरटेकर, पुनर्वसन केंद्र, जिथे जिथे माणूस दुसऱ्याच्या हातावर अवलंबून असतो तिथल्या भेदभावाबद्दल गेल्या अंकात पत्रं मागवली होती. पेशंटची पत्रं येतील असं वाटलं होतं, ती आलीच, पण स्टाफचीही बरीच आली आणि काही चांगलीच चिडलेली होती. तर सुरुवात अशाच एका पत्राने करते.

प्रश्न : ताई, मी वॉर्डात सिस्टर आहे. आमच्याकडे आता भेदभाव टाळण्याचं ट्रेनिंग सक्तीचं केलंय आणि खरं सांगते, मला त्याचा रागच आला. मी पेशंटचा धर्म, रंग, पैसा, काहीही बघत नाही. सगळ्यांना अगदी सारखं वागवते. मग मी काय शिकायचं?

राग येणारच. नाइट करून आल्यावर कुणी स्लाइड दाखवत तुम्ही पक्षपाती आहात असं सुचवत असेल तर कुणालाही येईल. आणि तुम्ही मनात काही ठेवून वागत नाही यावर माझा विश्वास आहे. पण सारखं वागवलं की विषय संपला, हे जरा तपासून बघू.

ओपीडीत नंबर पुकारला जातो. सगळ्यांसाठी तोच स्पीकर, तोच आवाज. समोरच्या बाकावर ऐकू न येणारा एक माणूस बसलाय, तो बाकीचे कधी उठतात आणि कुठल्या दाराकडे जातात हे बघत अंदाज बांधतोय, आणि दोनदा नाव पुकारून कुणी आलं नाही म्हणून त्याचा पेपर ढिगाच्या खाली जातो. दुसरं बघा. वॉर्डात बीपीचा एकच कफ, म्हणजे दंडाला बांधायचा पट्टा आहे, मध्यम साइजचा. तो जाड दंडाला आवळून बांधला की बीपी खऱ्यापेक्षा जास्त दिसतं, आणि त्या आकड्यावर गोळी सुरू होते. तिसरं, व्हीलचेअरवरचा पेशंट. वजनकाट्यावर उभं राहता येत नाही, म्हणून वजनाच्या रकान्यात अंदाजे आकडा लिहिला जातो आणि औषधाचा डोस त्या अंदाजावर ठरतो. या तिघांनाही तुम्ही बाकीच्यांसारखंच वागवलंत आणि तिघांचंही नुकसान झालं. कुणाचा हेतू वाईट नव्हता हो, पण हेतू चांगला असल्याने डोस बरोबर होत नाही.

कायद्याच्या भाषेत याला अप्रत्यक्ष भेदभाव म्हणतात, नियम सगळ्यांना एकच पण फटका ठरावीक लोकांनाच. तोंडावर नाही म्हणणं, वेगळं बसवणं, टोमणा मारणं हा प्रत्यक्ष. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यात दोन्ही प्रकार वेगवेगळे सांगितलेत. २००६ च्या संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराने तर आणखी एक पाऊल टाकलं, वाजवी सोय करून देणं शक्य असताना ती नाकारणं हाच भेदभाव, असं व्याख्येतच लिहून टाकलं. तुमच्या ट्रेनिंगमध्ये हे सांगितलं नसेल आणि फक्त मन साफ ठेवा असं प्रवचन दिलं असेल तर मग तुमचा राग अगदी बरोबर आहे.

एक करून बघा, कुणाला दाखवायला नाही, स्वतःपुरतं. पुढच्या ड्युटीत कुणाची बेल वाजली की आपण ताडकन उठतो आणि कुणाच्या बेलला "आलेच" म्हणून तसेच बसून राहतो, एवढंच लक्षात ठेवा. शिफ्ट बदलताना पेशंटची माहिती देतात त्या हँडओव्हरमध्ये कटकट्या पेशंट म्हणून कुणाचं नाव निघतं तेही बघा. ते नाव एका शिफ्टकडून दुसऱ्या शिफ्टकडे जातं आणि तिसऱ्या दिवशी त्या माणसाला न भेटलेली सिस्टरसुद्धा त्याला कटकट्याच समजत असते.

प्रश्न : माझी धाकटी बहीण डाऊन सिंड्रोमची आहे, वय तीस. गेले दोन महिने ती जेवताना मध्येच उठते, पोट धरते, रात्री ओरडते. दोन डॉक्टरांना दाखवलं, दोघांनीही "अशा मुलांचं असं असतंच, हट्टीपणा आहे" म्हणून झोपेची गोळी दिली. तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही, सगळं मलाच विचारलं. मी काय करू?

दादा, आधी हे सांगते, दोन महिन्यांत वागणं बदललंय आणि जेवणाशी त्याचा संबंध दिसतोय म्हणजे पोटाची नीट तपासणी व्हायलाच हवी, तिसऱ्या डॉक्टरकडे जावं लागलं तरी जा. ज्याला दुखणं शब्दात सांगता येत नाही तो ते वागण्यातून सांगतो. दाढ दुखणं, ॲसिडिटी, बद्धकोष्ठता, पित्ताचे खडे, थायरॉइड, यातलं काहीही असू शकतं आणि ते तपासल्याशिवाय कळत नाही.

तुमच्या बाबतीत घडलं ते फार जुनं दुखणं आहे. माणसावर एक लेबल लागलं की पुढची प्रत्येक तक्रार त्या लेबलाच्या खात्यात जमा होते. स्किझोफ्रेनियाचा पेशंट छातीत दुखतंय म्हणाला की भास, वजन जास्त असलेली बाई गुडघा दुखतो म्हणाली की वजन, आणि तुमची बहीण ओरडली की हट्ट. २०१३ साली इंग्लंडमध्ये बौद्धिक अपंगत्व असलेल्या लोकांच्या मृत्यूंची एक मोठी चौकशी प्रसिद्ध झाली. त्यात असं निघालं की या गटातले पुरुष बाकीच्या लोकांपेक्षा सरासरी १३ वर्षं आणि बायका तर २० वर्षं लवकर गेल्या होत्या, आणि बऱ्याच जणांच्या बाबतीत निदान किंवा उपचाराला झालेला उशीर नोंदलेला होता. म्हणजे सगळा दोष मूळ अवस्थेचा नव्हता.

आता काय करायचं. एका कागदावर दोन रकाने करा. डावीकडे ती एरवी कशी असते, किती जेवते, किती झोपते, खूश असली की काय करते, दुखलं की चेहरा कसा होतो. उजवीकडे दोन महिन्यांत काय बदललं, तारखेसकट. जमलं तर पोट धरतानाचा छोटा व्हिडिओ मोबाइलवर घ्या. डॉक्टरांसमोर "ती अशीच आहे" हे वाक्य आलं की शांतपणे सांगा, "ती अशी नव्हती, हे बघा." आणि मग विचारा, "अपंगत्व नसलेली तीस वर्षांची बाई हीच तक्रार घेऊन आली असती तर तुम्ही कुठली तपासणी केली असती?" या प्रश्नाचं उत्तर देताना बहुतेक डॉक्टर थांबतात, कारण ते वाईट नसतात, घाईत असतात.

अजून एक, तुम्ही स्वतःही डॉक्टरांकडे न बघता बहिणीकडे बघून बोला. "पोट कुठं दुखतंय ते डॉक्टरांना दाखव." तुम्ही तिच्याशी बोललात की डॉक्टरची मानही आपोआप तिकडे वळते. आणि अपॉइंटमेंट दिवसातली पहिली मागा, थोडी जास्त वेळाची. ही मेहेरबानी नाहीये, मघाशी सिस्टरना सांगितलेली वाजवी सोय ती हीच.

प्रश्न : मी एचआयव्ही पॉझिटिव्ह आहे, औषधं नियमित, व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, सापडत नाही इतका कमी. दाताच्या दवाखान्यात खरं सांगितलं तर मला दिवसातला शेवटचा नंबर दिला, फाइलवर लाल स्टिकर लावलं आणि रिसेप्शनवरच्या मुलीने सगळ्यांसमोर विचारलं, "तो एचआयव्हीवाला पेशंट तुम्हीच का?" पुढच्या वेळी सांगूच नये असं वाटतंय.

वाटणारच. सांगितल्याची शिक्षा मिळाली की माणूस पुढच्या वेळी गप्प बसतो, आणि मग औषधं एकमेकांत बाधतात, म्हणजे जीव धोक्यात येतो तो पुन्हा पेशंटचाच.

शेवटचा नंबर देण्यामागे "नंतर सगळं धुवून घेऊ" हा विचार असतो, आणि तोच मुळात चुकीचा आहे. प्रत्येक पेशंटच्या रक्तातून काही लागू शकतं असं धरूनच हातमोजे, मास्क, निर्जंतुक उपकरणं वापरायची, हा जगभरचा मूळ नियम आहे. कारण आपल्याला एचआयव्ही किंवा हिपॅटायटिस आहे हे कितीतरी जणांना स्वतःलाच माहीत नसतं. म्हणजे तुमच्यानंतर जास्त धुणारा दवाखाना तुमच्या आधीच्या पेशंटनंतर कमी धुतोय असा त्याचा अर्थ झाला, आणि हे ऐकून तिथल्या बाकीच्या पेशंटनी खरं तर पळायला हवं. चुकून सुई टोचलीच तर त्यासाठीही ठरलेली औषधं आहेत, ती जितकी लवकर तितकं चांगलं आणि ७२ तासांच्या आत सुरू करायची असतात. व्हायरल लोड सापडत नसेल तर शरीरसंबंधातूनसुद्धा लागण होत नाही, २०१९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या युरोपातल्या मोठ्या पाहणीत जोडीदाराकडून झालेल्या लागणींचा आकडा शून्य होता. आणि इथे लोक खुर्ची पुसत बसलेत.

स्टिकरबद्दल बोलते. उपचार करणाऱ्याला माहिती हवी हे मान्य, पण ती फाइलच्या आत हवी. बाहेरचं लाल स्टिकर साफसफाई करणाऱ्यापासून बाजूच्या खुर्चीतल्या पेशंटपर्यंत सगळ्यांना दिसतं, म्हणजे ती माहिती फुटलीच. अनेक देशांत ही थेट कायद्याची बाब आहे, भारतातही २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने उपचारात भेदभाव करायला आणि संमतीशिवाय माहिती उघड करायला बंदी आहे. तेव्हा दवाखान्याला लेखी पत्र द्या, तीनच मुद्दे ठेवा : नंबर, स्टिकर, रिसेप्शन. आणि लिहा की हे बदललं की मला लेखी कळवा. पत्राला उत्तर आलं नाही तर वरची पायरी आहेच, त्याबद्दल शेवटच्या प्रश्नात लिहिलंय. डेंटिस्ट बदलायचा असेल तर खुशाल बदला, तो तुमचा हक्क आहे, पण तुमच्या एचआयव्ही क्लिनिकमध्ये विचारून बदला, त्यांना नीट वागणारी माणसं माहीत असतात.

प्रश्न : मॅडम, मला पाळीच्या दिवसात इतकं दुखतं की उभं राहता येत नाही. डॉक्टर म्हणाले टेन्शन घेऊ नकोस, लग्न झालं की थांबेल. हा भेदभाव म्हणायचा की माझाच बाऊ?

बाऊ नाही. उभं राहता येत नाही एवढं दुखणं नॉर्मल नसतं आणि लग्न हे कुठल्याही दुखण्यावरचं औषध नाही. एंडोमेट्रिओसिससारखे (यात गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढतो) आजार अशाच वाक्यांखाली वर्षानुवर्षं दबून राहतात, तेव्हा स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाऊन हे नाव स्वतः घेऊन विचार.

आणि हे फक्त पाळीपुरतं नाही बरं का. अमेरिकेत १९७७ साली सरकारी सूचनेने मूल होऊ शकेल अशा वयाच्या बायकांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून बाहेर ठेवलं होतं, हेतू काळजीचाच होता, ते १९९३ मध्ये बदललं. तोवर बरीच औषधं मुख्यतः पुरुषांवर तपासली जायची आणि बायकांनाही दिली जायची. झोल्पिडेम नावाच्या झोपेच्या गोळीचंच उदाहरण बघ, ती बायकांच्या शरीरातून सावकाश बाहेर पडते, सकाळी गाडी चालवतानाही तिचा अंमल राहू शकतो, आणि बायकांसाठी डोस निम्मा करायची शिफारस कधी आली तर २०१३ मध्ये, गोळी बाजारात येऊन वीसेक वर्षं झाल्यावर. हृदयाचंही तेच. इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठाच्या २०१६ च्या अभ्यासात हार्ट अटॅक आलेल्या बायकांचं पहिलं निदान चुकण्याची शक्यता पुरुषांपेक्षा ५० टक्क्यांनी जास्त निघाली. रंगाचं आणखी वेगळं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या एका पाहणीत गोऱ्या मेडिकल विद्यार्थ्यांपैकी आणि शिकाऊ डॉक्टरांपैकी जवळजवळ निम्म्यांना काळ्या लोकांच्या शरीराबद्दल काही ना काही खुळचट गोष्ट खरी वाटत होती, त्यांची कातडी जाड असते वगैरे. आणि ज्यांना ती खरी वाटत होती ते त्या पेशंटचं दुखणंही कमी धरत होते. हे लोक शिकलेले होते, हे विसरू नकोस.

तू डॉक्टरांकडे जाशील तेव्हा "खूप दुखतं" असं नको सांगूस, कारण खूप म्हणजे किती ते ज्याचं त्याने ठरवायचं असतं. सांग की दर महिन्याला किती दिवस कामावर किंवा कॉलेजला जाता येत नाही, कुठली गोळी घेतली आणि तिने फरक पडला की नाही. तरीही टेन्शन म्हणाले तर विचार, "टेन्शन नसेल तर अजून काय असू शकतं?" आणि तपासणीची गरज नाही म्हणाले तर ते केसपेपरवर लिहून द्या म्हण. लिहायची वेळ आली की कितीतरी जणांचं मत बदलतं. (हा शेवटचा उपाय सगळ्यांनाच लागू आहे, नुसता बायकांना नाही.)

प्रश्न : मी घरी जाऊन रुग्णसेवा करतो. एका घरी आजोबांच्या मुलाने माझं आडनाव आणि धर्म विचारला आणि एजन्सीला फोन करून दुसरा माणूस पाठवा म्हणाला. एजन्सीने लगेच पाठवला, मला म्हणाले मनावर घेऊ नको, कस्टमर आहे. भेदभाव फक्त पेशंटवरच होतो का?

नाही भाऊ, आणि तुमच्या पत्राबद्दल विशेष आभार, कारण ही बाजू कुणी मांडतच नाही.

इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. आंघोळ घालायला, कॅथेटर (लघवीची नळी) बदलायला बाईला बाईच हवी असं वाटणं, किंवा पूर्वी कुणाकडून अत्याचार झालेल्या माणसाला ठरावीक व्यक्ती नको वाटणं, ही शरीराच्या लाजेची आणि भीतीची बाब आहे, शक्य तिथे मान द्यायलाच हवा. स्मृतिभ्रंश झालेल्या आजोबांनी काही बोललं तर तेही वेगळं, तिथे माणूस सांभाळून घेतो. पण शुद्धीवरच्या मुलाने आडनाव ऐकून नाही म्हणणं हा सरळसरळ भेदभाव, आणि एजन्सीने मुकाट्याने माणूस बदलला की ती त्यात सामील झाली. उपचार किंवा सेवा नाकारायचा हक्क पेशंटला आहे, मान्य, पण नाकारणाऱ्याच्या पसंतीचा धर्म पुरवणं हे संस्थेचं काम नाही. संस्थेने म्हणायचं असतं, "आमचा प्रशिक्षित माणूस आलाय, त्याच्या कामाबद्दल तक्रार असेल तर सांगा, नाहीतर सेवा हवी की नको ते ठरवा." जीवघेणी इमर्जन्सी असेल तर आधी उपचार, हे आलंच.

तुम्ही एजन्सीकडे लेखी मागा की तुमचं काम चुकलं म्हणून बदली झाली नाही, अशी नोंद करा. नाहीतर वर्षभराने "याला तीन घरांनी नाकारलं" एवढंच रेकॉर्डवर उरतं आणि तेच तुमच्या विरोधात वापरलं जातं. आणि त्या दिवसाचा पगार कापला असेल तर तो सोडू नका.

प्रश्न : मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. माणसं पक्षपाती असतात हे कबूल, म्हणून तर निर्णय मशीनवर सोपवावेत ना? मशीनला कुठे रंग आणि जात कळते?

कळत नाही, तीच तर गंमत आहे. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घ्या, प्रकाश कातडीतून जातो आणि ऑक्सिजनचा अंदाज देतो. अमेरिकेत २०२० च्या शेवटी प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं की मशीनवर ९२ ते ९६ टक्के, म्हणजे ठीकठाक आकडा असताना रक्त तपासल्यावर ऑक्सिजन प्रत्यक्षात धोकादायक कमी असण्याचं प्रमाण गोऱ्या पेशंटमध्ये ३.६ टक्के होतं आणि काळ्या पेशंटमध्ये ११.७ टक्के. कोविडच्या काळात याच आकड्यावर बेड मिळत होता की नाही ते आठवा.

सॉफ्टवेअरचं उदाहरण तुमच्या ओळखीचं वाटेल. कुणाला जादा देखभालीची गरज आहे हे ठरवायला अमेरिकेत एक अल्गोरिदम वापरत होते, त्यात वंश हा रकानाच नव्हता. पण गरज मोजायला त्याने वापरलं काय, तर त्या माणसावर आधी झालेला खर्च. काळ्या पेशंटवर मुळातच कमी खर्च झालेला, म्हणून ते कमी आजारी ठरले. २०१९ मध्ये सायन्स या नियतकालिकात संशोधकांनी हे दाखवलं आणि सांगितलं की ही गफलत दुरुस्त केली तर जादा मदतीसाठी निवडलेल्यांत काळ्या पेशंटचं प्रमाण १७.७ वरून ४६.५ टक्क्यांवर जाईल. तेव्हा रकाना काढून टाकल्याने काही होत नाही हो, मोजताय काय ते बघा, आणि निकाल गटवार फोडून तपासा.

प्रश्न : वय ७८. काहीही सांगितलं की डॉक्टर म्हणतात "या वयात होणारच", आणि औषधं मुलाला समजावतात.

काका, एका गुडघ्याच्या दुखण्याला असं म्हणाले तर दुसरा गुडघाही त्याच वयाचा आहे, मग तो का दुखत नाही, असं विचारा. वय हे कारण असू शकतं, निदान नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वयभेदावरच्या अहवालात १४९ अभ्यासांचा दाखला आहे, त्यातल्या ८५ टक्क्यांत उपचार कुणाला द्यायचे हे वयावरून ठरत होतं. मुलाला आत न्यायचं तर न्या, पण आधीच ठरवून ठेवा की बोलणार तुम्ही आणि तो फक्त लिहून घेणार. आणि शेवटी औषधं तुम्ही स्वतः डॉक्टरांना परत म्हणून दाखवा.

प्रश्न : मी एका हॉस्पिटलचं प्रशासन बघतो. पोस्टर लावली, एक दिवसाची कार्यशाळा झाली, शपथही घेतली. तरी एका ठरावीक वस्तीतले लोक आमच्याकडे येतच नाहीत, आले तर फार उशिरा. हे अज्ञान नाही का?

शपथेचं राहू द्या. आधी अज्ञानाचं बोलू. अमेरिकेत अलाबामा राज्यात टस्कगी इथे १९३२ पासून सरकारी आरोग्य खात्याने सिफिलिस हा लैंगिक संबंधातून पसरणारा आजार असलेल्या ३९९ काळ्या पुरुषांना नुसतं निरीक्षणाखाली ठेवलं, काय झालंय ते खरं सांगितलं नाही, "रक्त खराब आहे" म्हणाले, आणि तो बरा करणारं पेनिसिलिन सर्रास मिळायला लागल्यावरही ते दिलं नाही. हे १९७२ मध्ये वर्तमानपत्रात फुटलं तेव्हा थांबलं, राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी माफी मागितली १९९७ मध्ये. ज्यांच्या घरात ही गोष्ट सांगितली जाते ते सुई घ्यायला कचरत असतील तर त्याला अज्ञान म्हणाल का? तुमच्या त्या वस्तीचीही कदाचित एखादी गोष्ट असेल, तुमच्याच हॉस्पिटलच्या गेटवर घडलेली. ती जाऊन ऐका, आणि ऐकताना स्वतःचं समर्थन करत बसू नका.

मग आकडे काढा. एकूण सरासरी नको, फोडून. किती वेळ ताटकळले, वेदनाशामक किती वेळात मिळालं, न सांगता निघून किती गेले, बाई-पुरुष, भाषा, वस्ती, अपंगत्व असं वेगवेगळं. सरासरी ४० मिनिटं दिसते आणि आत एका गटाची दोन तास निघते. वेल्समधले डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्येच लिहून ठेवलंय की चांगली वैद्यकीय सेवा जिथे गरज जास्त तिथेच कमी मिळण्याकडे कल असतो. तुमच्या आकड्यांत ते दिसलं तर दचकू नका, लपवूही नका.

उपाय माणसाच्या स्वभावावर सोडण्यापेक्षा कामाच्या पद्धतीत बसवा, हे माझं ठाम मत आहे. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समध्ये अपघाताच्या पेशंटना रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून द्यायचे उपचार बायकांना कमी मिळत होते. त्यांनी प्रवचन दिलं नाही, कॉम्प्युटरवर एक सक्तीची चेकलिस्ट टाकली, प्रत्येक पेशंटसाठी ती भरल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. उपचार सुधारलेच आणि बाई-पुरुष फरकही मिटला. कुणाचंही मन बदलायची वाट बघावी लागली नाही.

बाकी भराभर सांगते : मोठ्या साइजचा कफ आणि बसून वजन घेता येईल असा काटा घ्या, नंबर पुकारण्याबरोबर स्क्रीनवर दाखवा, फॉर्मवरचे लिंग आणि जोडीदार विचारणारे रकाने सगळ्यांना लागू पडतात का ते तपासा. आणि दुभाषा ठेवा, फोनवरचा चालेल, पण पेशंटच्या दहा वर्षांच्या मुलीकडून "आईला कॅन्सर आहे असं सांग" हे काम करून घेऊ नका. हे होतं, आणि त्या वेळी स्टाफला ते सोयीचं वाटतं.

प्रश्न : तक्रार करावीशी वाटते पण आई अजून त्यांच्याच वॉर्डात आहे. तिचे हाल केले तर?

ही भीती खोटी नाही. म्हणून तर कित्येक कायद्यांत तक्रार केली म्हणून त्रास देणं हा स्वतंत्र गुन्हा किंवा भेदभावाचाच प्रकार मानलाय. पण कायदा रात्री दोन वाजता वॉर्डात नसतो, म्हणून पायऱ्या बघून चढा.

पहिल्यांदा तक्रार नाही, विनंती. इन्चार्ज सिस्टरना बाजूला घेऊन एकच ठोस गोष्ट सांगा, "आईला काल सहापासून दहापर्यंत पाणी दिलं नाही, आज कुणाला सांगू?" माणसाबद्दल बोलू नका, घडलेल्या गोष्टीबद्दल बोला. त्याच वेळी वही ठेवा, तारीख, वेळ, ड्युटीवर कोण, नेमके कुठले शब्द. "उद्धट बोलले" असं लिहू नका, जे बोलले तेच लिहा. शेजारच्या बेडवरच्या नातेवाइकाने बघितलं असेल तर त्याचा नंबर घेऊन ठेवा, डिस्चार्ज झाला की तो भेटत नाही. घरातली वेगवेगळी माणसं वेगवेगळ्या वेळी भेटायला जाऊ द्या, ज्याला कुणी येतंय असं दिसतं त्याच्याकडे लक्ष जास्त दिलं जातं, वाईट आहे पण खरं आहे.

जिवाला धोका वाटत असेल तर मात्र विनंतीत वेळ घालवू नका, थेट मेडिकल सुपरिंटेंडेंट किंवा त्या वेळचे ड्युटीवरचे सगळ्यात मोठे डॉक्टर. मोठ्या हॉस्पिटलमध्ये समाजसेवा विभाग किंवा पेशंटची बाजू मांडणारं कुणी असतं, त्यांना गाठा. घरी आल्यावर लेखी तक्रार, मग आरोग्य खातं, मेडिकल किंवा नर्सिंग कौन्सिल, मानवी हक्क आयोग, जे तुमच्याकडे असेल ते. तक्रारीत काय हवंय ते लिहा, माफी, नियमात बदल, की चौकशी, नाहीतर "योग्य ती दखल घेतली आहे" एवढं एक वाक्य येतं आणि फाइल बंद होते. आणि आईच्या केसपेपरची पूर्ण कॉपी आत्ताच, ती वॉर्डात असतानाच मागून ठेवा, इन्शुरन्सला लागतेय म्हणालात तरी चालेल.